बोगद्यातली गाडी माळावर

ट्रेलरवरून पहिला डबा शेडच्या दारात आला, तेव्हा मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. मग म्हणाले, "ही गाडी आहे, की अंधाऱ्या खोलीत फुटलेला बटाट्याचा कोंब?"

बोलणं काही खोटं नव्हतं. डबा मेट्रोचा, सगळी हयात बोगद्यात गेलेली. रंग फिका, कडांना काजळी. खिडक्या हत्ती मावेल एवढ्या, पण त्यांतून आजवर भिंतीशिवाय काही दिसलेलं नाही. भर उन्हात तो डबा असा अवघडून उभा होता, की जणू अंघोळ करताना कुणी ओढून बाहेर आणलंय.

ट्रेलरच्या पुढच्या खोलीतून एक बाई उतरली. बुटकी, खांद्याला रुंद, केस मानेवर कापलेले, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. तिनं डब्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाचं टोक लावून पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाली, "कोंब म्हणा, नाहीतर मुळा म्हणा. पण त्या डाव्या दाराला हात लावू नका. चावतं."

"चावतं?"

"सरकता सरकता अडतं, आणि तुम्ही बोट घातलंत की मिटतं. माझी दोन नखं त्याच्या पोटात आहेत."

मिस्त्रींनी हात मागे घेतला. शेडमध्ये त्या दिवसापासून तिला सगळे बाई म्हणू लागले.

बाईंनी अर्धं आयुष्य जमिनीखाली काढलं. शहराच्या पोटातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत इकडून तिकडं, तिकडून इकडं. स्टेशन आलं, थांबा. दारं उघडा, दारं मिटा, सुटा. काम एवढंच. पण त्या एवढ्याशा कामात असा हात बसला होता, की गाडी थांबली तरी उभ्या माणसाच्या पेल्यातला चहा हलत नसे. मग शहरानं नव्या गाड्या आणल्या. त्या आपल्या आपण धावतात. पुढं चालकाची खोलीच नाही. तिथं पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर बाईही.

बाईंचा नवरा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं असं. त्यानं बायकोच्या निवृत्तीचं स्वागत केलं ते असं: "बरं झालं. काजं-बटणं करायला मला माणूस हवंच होतं."

"अहो, मी गाडी हाकलीय. आता बटणं लावू?"

"मग तिथं काय करत होतीस? बटणंच दाबत होतीस की."

बाई दुकानात बसल्या. दुकानाच्या नेमकं खालून मेट्रो जायची. गाडी आली की फरशी थरथरायची, बाईंच्या बोटांतली सुई थरथरायची, आणि भोक चुकायचं. काही दिवसांत अशी पाळी आली, की गिऱ्हाइकानं नुसतं "किती वेळ लागेल?" विचारलं तरी बाई अंगावर धावून जायच्या. शिंप्याचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्यातच बातमी आली, की जुने डबे भंगारात जायचे नाहीत. दूरवर एक आडमार्गाची रेल्वे आहे, एकेरी रुळाची, माळावरून डोंगरापर्यंत जाणारी. तिथली डिझेलगाडी म्हातारी झालीय, चार दिवस धावते नि पाचव्या दिवशी बसकण मारते. नवी घ्यायचं बळ त्या रेल्वेच्या अंगात नाही. म्हणून मेट्रोचे डबे घेऊन, पोटाखाली बॅटऱ्या बांधून, तेच तिथं पळवायचे.

बाईंनी हातातलं सदऱ्याचं काम तसंच ठेवलं आणि उठल्या. त्या रेल्वेच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. "ही गाडी हाकलेलं कुणी आहे का तुमच्यात?"

नव्हतं. साहेबांनी तोडगा काढला. तिथला जुना चालक घरी बसायला आलाय, त्याची जागा रिकामी होणार. बाईंनी तोवर शेडमध्ये राहावं, गाडीच्या खोडी मिस्त्रींना दाखवाव्यात. चाचणीच्या फेरीला गाडी बाईंनीच हाकावी. तपासनीस हो म्हणाले तर जागा बाईंची. नाही म्हणाले तर दुसरा चालक बघू.

नवरा म्हणाला, "जा. जमलं तर शिवणयंत्र उचलून मीही येतो, कपडे काय, सगळीकडंच फाटतात. नाही जमलं तर बटणं इथं आहेतच."

त्या बटणांना बाई मनातून जेवढ्या भ्यायल्या होत्या, तेवढ्या बोगद्यातल्या अंधाराला कधी भ्यायल्या नव्हत्या.

शेडमध्ये मग जे काम जुंपलं, ते काय सांगावं! मेट्रोची गाडी रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून वीज घेते. इथं माळावर पट्टी कुठली? म्हणून वीज ओढणारे खालचे लोखंडी हात कापून काढले आणि त्या जागी बॅटऱ्यांच्या पेट्या टांगल्या. दुभत्या म्हशीसारखी गाडी पोटाशी जड झाली. बोगद्यात पाऊस नाही, म्हणून काचेला पुसणी नव्हती, ती लावली. बोगद्यात थंडी नाही, म्हणून डबा उबदार करायची सोय नव्हती, ती केली. आतली शिटी अशी किनरी, की माळावर तिला चिमणीनंसुद्धा विचारलं नसतं. तिथं ट्रकचा दणदणीत हॉर्न बसवला. बोगद्यात दर दोन मिनिटांनी स्टेशन, तेव्हा संडास कशाला? इथं मात्र माणूस चांगला तासभर बसणार. मिस्त्रींनी तीन बाकं उपटली आणि त्या जागी संडास उभा केला. उभा केल्यावर कळलं, की दार आत उघडतं आणि आतला माणूस दार लावायला भांड्यावर चढल्याशिवाय गत्यंतर नाही.

"अंग चोरून बसा म्हणावं," मिस्त्री म्हणाले.

"अंग चोरेल हो, पण माणूस बारीक हवा," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही जाऊन दाखवा."

मिस्त्री गेले आणि अडकले. बाहेरून दार काढून त्यांना सोडवावं लागलं. दुसऱ्या दिवशी दार बाहेर उघडणारं झालं.

बाईंना या सगळ्याचा असा चेव चढला होता, की त्या जेवायच्याही उभ्यानं. एका हातात घास, दुसऱ्या हातानं वायर दाखवताहेत. ज्या गाडीला आपण जन्मभर नुसतं पुढं-मागं केलं, तिचं पोट फाडलेलं बघताना त्यांना लहान पोरासारखं व्हायचं. "म्हणजे हे इथून इथं जातं होय! म्हणून ती थंडीत कुरकुरायची!" असं ओरडून त्या गाडीखालून बाहेर यायच्या, तोंडाला हे एवढं वंगण.

राहता राहिला तो जुना चालक. त्याला सगळे भोंगा म्हणत. कानात कुजबुजला तरी पलीकडच्या फलाटावर ऐकू जाईल असा आवाज. आयुष्यभर डिझेल इंजिनाच्या वर आवाज काढून काढून गळा तसाच घडला होता. मार्ग शिकवायचं काम त्याच्याकडं. रूळ तपासायच्या ढकलगाडीवर बसवून तो बाईंना रोज सकाळी माळावर न्यायचा.

"हे बघा बाई, इथून चढ सुरू. जुनी गाडी या चढावर एकदा थांबली की मेली. मागं पायथ्याशी न्यायची, आणि तिथून धाव घेऊन पुन्हा यायची. म्हणून इथं थांबायचं नाही. सासरा आडवा आला तरी थांबायचं नाही."

"सासरे वारले माझे."

"मग प्रश्नच मिटला. इथं डावीकडं वळण, मग उजवीकडं. इथं शेळ्या असतात. शेळ्या हॉर्नला भीत नाहीत, शिव्यांना भितात."

"शिव्या लेखी द्याल का?"

"लेखी दिल्या तर कागद जळेल."

बाईंना उघड्या रुळाची सवय होईना. बोगद्यात वेग भिंतीवरून कळतो, भिंत किती भरभर पळते त्यावरून. इथं भिंतच नाही. माळ पसरलेला, डोंगर तिथल्या तिथं. बाईंना वाटायचं आपण उभेच आहोत, आणि ढकलगाडी वाऱ्यासारखी चाललेली. सरावाला गाडी पहिल्यांदा जवळच्या स्टेशनात नेली, तर हातच्या सवयीनं त्यांनी सगळी दारं उघडली. फलाट एका डब्याएवढा. मागच्या डब्यात मिस्त्री स्क्रू पिळत होते. दार उघडलं, स्टेशन आलं म्हणून ते ऐटीत उतरले, ते थेट काटेरी झुडपात.

"चालवता येईना, रूळ वाकडे!" भोंगा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं हसला. "बाई, ही तुमची मेट्रो नाही. इथं फलाट मागच्या डब्यापर्यंत येत नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या मिस्त्रींच्या पाठीतले काटे काढत बसल्या. असं जर तपासनिसासमोर झालं तर संपलंच. मग पुन्हा ती गल्ली, ते दुकान, ती थरथरणारी सुई.

चाचणीचा दिवस उजाडला. तपासनीस सकाळी यायचे ते एका मालगाडीनं वाट अडवल्यामुळं दुपार कलल्यावर आले. सडपातळ माणूस, सर्दीनं नाक लाल, चेहऱ्यावर माशीही बसणार नाही असा कोरडेपणा. चालकाच्या खोलीत घडीच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हं." त्या "हं"चा अर्थ चांगलं, वाईट, की नुसती सर्दी, हे कुणालाच कळेना. भोंगा बाईंच्या मागं उभा राहिला, वाट दाखवायला. मिस्त्रींना आत जागा नव्हती. ते दाराच्या फटीत मान घालून उभे राहिले.

बाईंनी दांडा पुढं केला. आणि गाडी निघाली! आवाज नाही, धूर नाही. नुसतं एक सूं करून शेड मागं पडली, सिग्नल मागं पडला, आणि समोर माळ उघडला. कोंब म्हणे! चाकांखाली रुळांचे सांधे ताल धरल्यासारखे वाजत होते. बाजूच्या रस्त्यावर एक मोटरसायकलवाला शर्यत लावायला लागला आणि बघता बघता मागं राहिला.

"बाई," भोंगा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला, "ही तर उडते हो!"

पहिलं स्टेशन आलं. बाईंनी नेमकं पुढच्याच डब्याचं दार उघडलं. दुसरं स्टेशन आलं, तिथंही तसंच. तपासनीस शिंकले. मिस्त्रींनी फटीतून विचारलं, "आता काय म्हणाले?"

"शिंकले," भोंगा म्हणाला.

"चांगलं शिंकले का वाईट?"

चढ लागला. गाडीनं वेग सोडला नाही. बाईंच्या अंगात वारं भरलं होतं. डावं वळण घेतलं, उजवं घेतलं, आणि वळण संपलं तसा सूर्य समोरच्या काचेत आला. डोंगराच्या खांद्यावर टेकलेला, थेट डोळ्यांत. सगळी काच पांढरी झाली. रूळ गेले, माळ गेला, पुढचा सिग्नल गेला. बाईंनी हात उचलून वर चाचपलं. ट्रकच्या, बसच्या काचेवर ऊन अडवायला एक झापड असते, ती खाली ओढावी म्हणून. तिथं काही नव्हतं. बोगद्यात ऊन कुठलं! पाऊस आठवला होता, थंडी आठवली होती, शेळ्या आठवल्या होत्या, संडास आठवला होता. ऊन एकालाही आठवलं नव्हतं. सराव सगळा सकाळचा, सूर्य पाठीशी असतानाचा. भोंग्याच्या इंजिनाला झापड जन्मापासून होती. पण आपण श्वास घेतो हे कुणी दुसऱ्याला शिकवतं का?

बाईंनी ब्रेक लावला.

"अगं थांबतेस काय!" भोंग्यानं तुम्ही-आम्ही सोडलंच. "चढावर? हिथंच? सांगितलं होतं ना सासरा आला तरी!"

"सासरा आला असता तर दिसायला तर हवा!"

गाडी थांबली. चहा डचमळणार नाही अशी थांबली. बिनतारीवरून त्यांनी पुढच्या स्टेशनला कळवलं. भोंगा दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता. संपलं, असंच बाईंनाही वाटलं. मनात त्यांनी दुकानाची फळीसुद्धा उघडली.

तपासनिसांनी रुमाल खिशात घातला. "का थांबलात?"

"दिसत नाही."

"सिग्नल हिरवा असेल."

"तुम्हाला दिसतोय?"

तपासनिसांनी डोळे बारीक केले, हात आडवा धरला, मान वाकडी केली. "नाही," म्हणाले.

"मग थांबायलाच हवं."

"हं," तपासनीस म्हणाले. "आणि आता?"

आता काय? सूर्य बुडायची वाट बघायची तर मागून यायची गाडी खोळंबते. मागं पायथ्याशी न्यायचं तर चाचणीच बुडाली. मिस्त्री फटीतून कपाळ बडवत होते. "पत्रा आहे, कात्री आहे, पण सगळं शेडमध्ये! घरात विहीर आणि मी तहानेला!"

तेवढ्यात भोंग्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं डोकं उघडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं पाहिलं असेल तर तेवढंच. टक्कल असं लखलखलं, की मिस्त्री म्हणाले, "अहो, एक सूर्य पुरे की!"

"गप रे," भोंगा म्हणाला, आणि बाईंच्या खांद्यावरून वाकून त्यानं टोपी काचेवर धरली. "दिसतंय का?"

"थोडं वर. डावीकडं. आणखी. हां! दिसतंय. सिग्नल हिरवा आहे."

"हाक मग. पण सुटेल का? चढ आहे."

बाईंनी एकदा दांड्याकडं पाहिलं. अरे, थांबायचं आणि सुटायचं, यातच तर या गाडीचा जन्म गेला! दर दोन मिनिटांनी थांबली, दर दोन मिनिटांनी सुटली. जुन्या गाडीचं एक इंजिन सगळं लटांबर ओढायचं. हिच्या प्रत्येक चाकाला आपली मोटर. बाईंनी ब्रेक धरून ठेवला, दांडा एक घर पुढं केला, गाडीनं रुळाला दात लावलेले हातांना जाणवले, आणि हळूच ब्रेक सोडला.

गाडी बोटभरही मागं गेली नाही. पुढं निघाली. एक घर, दोन घरं, आणि चढाला टांग मारून वर पळाली!

भोंग्यानं अशी आरोळी ठोकली, की तपासनिसांची शिंक आतल्या आत जिरली.

"टोपी हलली!" बाई ओरडल्या.

"आता उजवं वळण येतंय, मी आधीच सरकतो. आता! आता सरळ. हात दुखला गं माझा, हाक बिगी!"

"नियमापेक्षा जास्त नाही हाकायची."

"नियम घाल चुलीत!"

"तुमच्या मागं तपासनीस बसलेत."

"मग नियमानंच हाक!"

असा तो उघड्या डोक्याचा म्हातारा कधी डावीकडं, कधी उजवीकडं वाकत, सूर्य जिथं जाईल तिथं टोपी नेत उभा. प्रत्येक वळण त्याच्या हाताला आधीच ठाऊक. बाईंनी त्या टोपीच्या सावलीत सगळा चढ काढला, शेळ्यांना हॉर्न दिला, आणि शेळ्या हलल्या नाहीत तेव्हा भोंग्यानं खिडकीतून जे काही म्हटलं, ते ऐकून शेळ्या तर पळाल्याच, तपासनिसांच्या कानाच्या पाळ्याही लाल झाल्या.

शेवटचं स्टेशन आलं. गाडी फलाटाला लागली. गावातली माणसं फलाटावर जमलेली, टाळ्या काय, शिट्ट्या काय. बाई मात्र जागच्या उठेनात. मान वळवून तपासनिसांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

तपासनीस उठले, स्टूल मिटलं. "झापड बसवल्याशिवाय ही गाडी दुपारनंतर या दिशेनं येणार नाही," ते म्हणाले.

"आज रात्रीच बसवतो!" मिस्त्री फटीतून ओरडले.

"दुसरं. चढावर गाडी थांबवली." तपासनीस बाईंकडं वळले. "गेली कित्येक वर्षं मी चालकांची चाचणी घेतोय. डोळ्यांत ऊन असताना, आपल्याला दिसतंयच अशा थाटात हाकणारेच जास्त भेटले. त्यांतल्या एकानं एक फाटक उडवलं, मी गाडीत असताना." त्यांनी रुमाल काढला. "तुम्हीच चालवा. फेऱ्या सुरू होतील त्या दिवसापासून." आणि मग ते शिंकले.

"चांगलं शिंकले!" मिस्त्री म्हणाले.

बाईंनी फलाटावर उतरून नवऱ्याला फोन लावला. आजूबाजूला एवढा गोंगाट, की त्यांना एका कानात बोट घालावं लागलं.

"जमलं हो!"

"काय?" पलीकडून यंत्राची खडखड. "फटकन सांग, गिऱ्हाईक उभं आहे."

"जमलं! गाडी माझी!"

खडखड थांबली. मग शिंपी म्हणाला, "तिथं शिंपी आहे का आधीचा?"

"एक आहे. पण भोंगा म्हणतो, विजारी उलट्या शिवतो."

"मग येतो," शिंपी म्हणाला. "गाडीत यंत्र चढवायला दार रुंद आहे का?"

"मेट्रोची दारं आहेत. तुमचं अख्खं दुकान चढेल."

परतीला गाडी गच्च भरली. चाचणीची गाडी, तिकीट नाही, पण गावानं ऐकलं नाही. तपासनिसांनी "पुढच्या स्टेशनापर्यंतच" म्हणून परवानगी दिली आणि स्वतः संडास तपासायला गेले. ऊन आता पाठीशी होतं. समोर उताराला लागलेले रूळ, लांबवर स्वच्छ, डोळा पोचेल तिथवर. बाईंनी दांडा मागं घेतला तशी चाकं उलट वीज करायला लागली, आणि बॅटरीचा काटा चढू लागला. चढ चढताना गाडीनं जे खाल्लं होतं, ते उतरताना तीच परत ताटात वाढत होती.

"हे काय गं?" भोंगा काट्याकडं बोट करून म्हणाला. "उतरताना पोट भरतं हिचं?"

"भरतं."

"माझी गाडी उतरतानाही खायची," भोंगा म्हणाला, आणि टोपी गुडघ्यावर ठेवून, उघड्याच डोक्यानं काचेतून बघत राहिला. "सरक जरा. मलाही हाकून बघू दे."

"तपासनीस आहेत."

"ते संडासात आहेत."

बाईंनी दाराकडं पाहिलं, काट्याकडं पाहिलं. "हात लावू देणार नाही," म्हणाल्या. "पण हॉर्न तुम्ही वाजवा."

भोंग्यानं हॉर्नवर तळवा ठेवला, आणि फाटक नाही, शेळी नाही, सिग्नल नाही, अशा मोकळ्या माळावर तो वाजवला, चांगला लांबलचक.